जॉर्ज बूल : तुमच्या हिशेबाच्या ॲपमधल्या फिल्टरमागचा माणूस



हिशेबाचं ॲप उघडायचं, बिलांच्या यादीवर जायचं, कोपऱ्यातल्या गाळणीच्या चिन्हावर टॅप करायचं. तारीख निवडली, पार्टीचं नाव निवडलं, बाकी असलेली बिलं यावर टिक केली, की हजारो नोंदींमधून नेमक्या सात-आठ नोंदी समोर येतात. एका सेकंदाच्या आत. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण त्या एका टॅपमागे जे गणित चालतं, ते १८४७ साली एका शाळामास्तरने मांडलं होतं. ना कॉलेजची डिग्री, ना श्रीमंत घर, आणि कॉम्प्युटर तर तेव्हा जन्मालाही आला नव्हता. त्या मास्तरचं नाव जॉर्ज बूल.

इंजिनिअरिंगला मी बुलियन अल्जेब्रा शिकलो, पेपरात मार्कही चांगले मिळाले. पण बूल म्हणजे नक्की काय म्हणत होता, हे मला नोकरी लागल्यावर कळलं, तेही स्वतःच्या चुकीमुळे.

माझ्या मामांचं इचलकरंजीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. धंदा बराचसा उधारीवर. बिलं कॉम्प्युटरवर होतात, पण उधारीची वही मामा हातानेच लिहायचे. मी हौसेने त्यांना एक छोटा प्रोग्राम करून दिला. सॉफ्टवेअरमधून बिलांची फाइल बाहेर काढायची, माझ्या डेटाबेसमध्ये टाकायची, आणि दर सोमवारी थकलेल्या बिलांची यादी मामांच्या मोबाईलवर. अट अगदी साधी होती : ज्या बिलाचं स्टेटस ‘जमा’ नाही, ते दाखव. मामा खूश झाले आणि त्यांनी वही लिहायची बंद केली.

सात महिन्यांनी लक्षात आलं, की २३ बिलं या यादीत कधीच आली नव्हती. त्यांची एकूण रक्कम १ लाख ८४ हजार. त्यातल्या एका गिऱ्हाइकाने तोवर माग विकून गाव सोडलं होतं. त्याच्याकडचे ६२ हजार गेले ते गेलेच. मामा मला काही बोलले नाहीत. फक्त वही परत काढली.

चूक कुठे होती ते शेवटी सांगतो. ती समजायला आधी बूल समजायला हवा.

बूट शिवणाऱ्याचा मुलगा

जॉर्ज बूलचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधल्या लिंकन या गावी झाला. वडील जॉन बूल बूट शिवायचा धंदा करत. आई लग्नाआधी एका मोठ्या घरात मोलकरीण होती. चार भावंडांत जॉर्ज थोरला.

वडिलांचं धंद्यापेक्षा दुर्बिणीत आणि गणितात जास्त मन. स्वतः दुर्बिणी बनवायच्या, लोकांना आकाश दाखवायचं, मुलाला गणित शिकवायचं. साहजिकच दुकान नीट चाललं नाही. पण मुलाला शिकायची गोडी लागली ती घरातच.

जॉर्जची औपचारिक शाळा जेमतेम झाली. गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याने त्याला लॅटिन शिकायला मदत केली. ग्रीक तो स्वतःच शिकला. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचं इंग्रजी भाषांतर केलं, वडिलांनी ते अभिमानाने स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणलं. लगेच एका मास्तराने जाहीर शंका घेतली, की या वयाच्या मुलाला हे जमणंच शक्य नाही. पुढे फ्रेंच, जर्मन आणि इटालियनही तो स्वतःच शिकला.

१८३१ मध्ये वडिलांचा धंदा बसला. सोळाव्या वर्षी जॉर्जवर घर चालवायची जबाबदारी आली. तो डॉनकास्टरच्या एका शाळेत सहायक शिक्षक म्हणून लागला. आई-वडील आणि तीन भावंडं त्याच्या कमाईवर. कॉलेजचा प्रश्नच आला नाही.

एकोणिसाव्या वर्षी, १८३४ मध्ये, त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. दिवसभर मुलांना शिकवायचं, रात्री गणिताची पुस्तकं वाचायची. गणितच का? एक कारण असं सांगतात, की गणिताचं पुस्तक वाचून संपायला खूप वेळ लागतो, म्हणून त्या पैशात ते परवडतं! आज डेटा पॅक बघून कोर्स निवडणाऱ्यांना हे लगेच पटेल. गावात कामगारांसाठी काढलेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये वाचनालय होतं, आणि एडवर्ड ब्रॉमहेड नावाचे जवळपास राहणारे एक जाणकार गृहस्थ त्याला पुस्तकं देत. लाग्रांज, लाप्लास यांच्यासारख्या फ्रेंच गणितज्ञांचे ग्रंथ त्याने कुणी न शिकवता वाचून काढले.

१८४० नंतर त्याचे लेख केंब्रिजच्या गणिताच्या नियतकालिकात यायला लागले. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला गणितातल्या एका निबंधासाठी रॉयल मेडल हे सुवर्णपदक दिलं. तेव्हाही तो लिंकनमधला शाळामास्तरच होता.

एका भांडणातून निघालेलं पुस्तक

डॉनकास्टरला असताना, सतराव्या वर्षी, एका शेतातून चालत जाताना त्याच्या मनात एक विचार चमकला, असं त्याच्या पत्नीने पुढे लिहून ठेवलं आहे. विचार असा : माणूस ज्या रीतीने तर्क करतो, ती रीत गणिताच्या चिन्हांत मांडता येईल का? म्हणजे बेरीज-गुणाकार आकड्यांचे न करता विचारांचे करायचे. हा विचार बरीच वर्षं तसाच पडून राहिला.

१८४७ मध्ये लंडनचे गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन आणि स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ विल्यम हॅमिल्टन यांचं तर्कशास्त्रातल्या एका कल्पनेवरून जोरात भांडण लागलं. ती कल्पना आधी कुणाची, हा वाद. हे डी मॉर्गन बूलचे पत्रमित्र. आपल्यासाठी गंमत म्हणजे त्यांचा जन्म १८०६ मध्ये आपल्याकडच्या मदुराईत झाला होता. हा वाद वाचून बूलला आपला जुना विचार आठवला, आणि त्याच वर्षी त्याने तर्कशास्त्राच्या गणिती मांडणीवर एक छोटं पुस्तक काढलं. सात वर्षांनी, १८५४ मध्ये, तोच विषय वाढवून त्याने विचारांचे नियम या विषयावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

आता या पुस्तकांत काय आहे ते बिलांच्या भाषेत बघूया.

१ म्हणजे सगळं, ० म्हणजे काहीच नाही

बूलने सगळ्यात आधी ठरवलं, की आपण कशाबद्दल बोलतोय ती हद्द आखून घ्यायची. त्या हद्दीतलं सगळं म्हणजे १. काहीच नाही म्हणजे ०.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे १ म्हणजे काय? तुम्ही निवडलेली कंपनी आणि निवडलेला कालावधी. कितीतरी लोक बिल सापडत नाही म्हणून अर्धा तास डोकं खाजवतात, आणि मग कळतं की कालावधी १ एप्रिलपासून पुढचा आहे आणि बिल मार्चचं आहे. शोध बरोबरच होता, हद्द चुकली होती. म्हणून फिल्टर लावायच्या आधी पडद्याच्या वर तारखा आणि कंपनीचं नाव बघा.

गुणाकार म्हणजे दोन्ही अटी

समजा क्ष म्हणजे सगळ्या पांढऱ्या वस्तू आणि य म्हणजे सगळ्या मेंढ्या. मग क्ष × य म्हणजे पांढऱ्या मेंढ्या. हे उदाहरण खुद्द बूलचं. आपण ते बदलूया : क्ष म्हणजे कोल्हापूरच्या पार्टीची बिलं, य म्हणजे ५० हजारांवरची बिलं. क्ष × य म्हणजे कोल्हापूरची, शिवाय ५० हजारांवरची.

आत नेमकं काय होतं? सॉफ्टवेअर प्रत्येक बिलाला विचारतं : तू कोल्हापूरचं का? हो असेल तर १, नाही तर ०. ५० हजारांवरचं का? पुन्हा १ किंवा ०. दोन्हींचा गुणाकार १ आला तर बिल यादीत, ० आला तर बाहेर. कुठेही एक शून्य आलं की खेळ खलास.

इथे बूलला एक भन्नाट गोष्ट दिसली. पांढऱ्या वस्तूंमधून पुन्हा पांढऱ्या निवडल्या, तर हातात तेवढ्याच राहतात. म्हणजे क्ष × क्ष = क्ष. नेहमीच्या गणितात हे फक्त दोनच आकड्यांना लागू पडतं, ० आणि १. कॉम्प्युटरचा सगळा संसार ज्या दोन आकड्यांवर उभा आहे, ते बूलकडे यंत्रातून आले नाहीत. ते असे, मेंढ्या निवडता निवडता आले.

वजाबाकी म्हणजे उरलेलं सगळं

क्ष जर जमा झालेली बिलं, तर न जमा झालेली म्हणजे १ − क्ष. हद्दीतल्या सगळ्यातून जमा काढून टाका, उरेल ते बाकी. एकच बिल जमा आणि बाकी दोन्ही असू शकत नाही, म्हणून क्ष × (१ − क्ष) = ०. आणि प्रत्येक बिल दोन्हींपैकी एकीकडे असतंच, कारण क्ष + (१ − क्ष) = १. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. माझी चूक इथेच दबा धरून बसली होती.

बेरीज, आणि ‘आणि’ या शब्दाची फसवणूक

आता सगळ्यात उपयोगाचा भाग. मामा मला एकदा म्हणाले, की कोल्हापूर आणि सांगलीची बिलं काढून दे. मी गाव बरोबर कोल्हापूर, ‘अँड’, गाव बरोबर सांगली असा फिल्टर लावला असता तर यादी रिकामी आली असती. एका बिलावर गाव एकच असतं, ते एकाच वेळी दोन्हीकडचं कसं असेल? मामांच्या तोंडी ‘आणि’ होतं, पण फिल्टरला ‘ऑर’ हवं होतं.

बूलने हे नेमकं पकडलं होतं. दोन गट एकत्र करताना आपण बोलताना कधी आणि म्हणतो, कधी किंवा म्हणतो. पण मनात क्रिया एकच असते, गोळा करण्याची. त्या क्रियेला त्याने बेरजेचं चिन्ह दिलं. शब्दाकडे बघू नका, क्रियेकडे बघा, हा त्याचा आग्रह.

पण बूलच्या बेरजेला एक अट होती. दोन गटांत काहीही सामाईक नसेल, तरच बेरीज करायची. अट का, ते आकड्यांत बघा. महिन्यात २०० बिलं झाली. कोल्हापूरची ६०, ५० हजारांवरची ४०. दोन्ही यादी वेगवेगळ्या काढून बेरीज केली तर १००. पण यातली १५ बिलं कोल्हापूरचीही आहेत आणि ५० हजारांवरचीही. ती दोनदा मोजली गेली. खरं उत्तर ६० + ४० − १५, म्हणजे ८५. विल्यम जेव्हन्स या तर्कशास्त्रज्ञाने पुढे ही अट काढून टाकली आणि सामाईक भाग एकदाच धरायची पद्धत आणली. आजच्या फिल्टरमधला ‘ऑर’ जेव्हन्सच्या पद्धतीचा आहे, तो १५ बिलं एकदाच दाखवतो. पण दोन वेगळे रिपोर्ट काढून बेरीज तुम्ही कॅल्क्युलेटरवर केलीत, तर तुम्हाला वाचवायला जेव्हन्स येणार नाही.

कॉर्क, मेरी आणि एव्हरेस्ट

बूलकडे डिग्री नव्हती, तरी त्याने आयर्लंडमध्ये नव्याने निघणाऱ्या क्वीन्स कॉलेजांपैकी एका जागेसाठी अर्ज केला. मोठमोठ्या गणितज्ञांनी त्याच्यासाठी शिफारसपत्रं दिली. १८४९ मध्ये कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. जो कधी कॉलेजात शिकला नाही, तो थेट प्राध्यापक झाला. आयर्लंड तेव्हा बटाट्याच्या पिकाच्या भीषण दुष्काळातून नुकतं बाहेर पडत होतं. जवळपास दहा लाख माणसं मेली होती, तेवढीच देश सोडून गेली होती.

कॉर्कला त्याची ओळख मेरी एव्हरेस्ट हिच्याशी झाली. तिचे एक नातेवाईक त्याच कॉलेजात ग्रीक शिकवत. मेरी बूलपेक्षा १७ वर्षांनी लहान, गणिताची जबरदस्त आवड. बूल तिला गणित शिकवायला लागला. १८५५ मध्ये तिचे वडील वारले, तिला आधार उरला नाही, आणि त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.

एव्हरेस्ट हे आडनाव ओळखीचं वाटलं ना? मेरीचे काका जॉर्ज एव्हरेस्ट हे १८३० ते १८४३ या काळात भारताचे सर्व्हेयर जनरल होते. जगातल्या सर्वांत उंच शिखराला १८६५ मध्ये त्यांचंच नाव दिलं गेलं. मेरीने म्हातारपणी असंही लिहिलं, की भारतीय विचारांचा प्रभाव तिच्या काकांमार्फत इंग्लंडच्या गणितज्ञांपर्यंत, बूलपर्यंतही, पोचला होता. हे तिचं मत आहे. व्हॉट्सॲपवर ते सिद्ध झालेलं सत्य म्हणून पाठवू नका.

त्या दोघांना पाच मुली झाल्या. १८५७ मध्ये बूलला रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. समीकरणांवरची त्याची दोन पाठ्यपुस्तकंही निघाली. तर्काचं बीजगणित मात्र फार लोकांनी मनावर घेतलं नाही. गणितवाल्यांना ते तत्त्वज्ञान वाटलं, तत्त्वज्ञानवाल्यांना गणित.

पावसातली ती वाट

नोव्हेंबर १८६४. बूलचं घर कॉलेजपासून पाचेक किलोमीटर लांब होतं. एक दिवस मुसळधार पावसात तो चालत कॉलेजला गेला आणि ओल्या कपड्यांतच त्याने तास घेतला. घरी आला तो ताप घेऊन. ताप वाढला आणि फुप्फुसांत गेला.

मेरीचा असा समज होता, की ज्या कारणाने आजार झाला त्यातच त्याचा इलाज असतो. भिजल्यामुळे आजार, म्हणून तिने नवऱ्याला ओल्या चादरींत गुंडाळून ठेवलं, असं सांगितलं जातं. जिवाचं रान करून सेवा केली, पण चुकीच्या नियमाने. ८ डिसेंबर १८६४ रोजी बूल गेला. वय ४९. धाकटी एथेल तेव्हा काही महिन्यांची होती.

बूलच्या चरित्रात मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. विचार करायचे बिनचूक नियम ज्याने जगाला दिले, त्याच्या अंथरुणाशी एक चुकीचा नियम बसला होता. तोही प्रेमापोटी.

मेरी मुलींना घेऊन लंडनला आली, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी धरली, मुलांना गणित कसं शिकवावं यावर पुस्तकं लिहिली. मुलींनीही नाव काढलं. अलिशियाने चार मितींच्या भूमितीत मोलाचं काम केलं, तेही विद्यापीठाची पायरी न चढता. ल्युसी रसायनशास्त्रज्ञ झाली. आणि एथेल कादंबरीकार झाली, एथेल व्हॉयनिच या नावाने.

पुस्तकातून यंत्रात

बूल गेल्यावर सत्तरहून जास्त वर्षं त्याचं बीजगणित मुख्यतः तर्कशास्त्राच्या वर्गात राहिलं. अमेरिकेत क्लॉड शॅनन नावाच्या मुलाने ते मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या तासाला शिकलं होतं. १९३७ मध्ये एमआयटीच्या आपल्या प्रबंधात त्याने दाखवलं, की विजेच्या स्विचची जोडणी बूलच्या नियमांनी मांडता येते. एकापुढे एक लावलेले दोन स्विच म्हणजे ‘अँड’, शेजारी-शेजारी लावलेले म्हणजे ‘ऑर’. तुमच्या मोबाईलच्या प्रोसेसरमधले अब्जावधी ट्रान्झिस्टर आजही हेच करतात.

१९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत कशी ठेवावी याचं मॉडेल मांडलं. त्यातूनच एसक्यूएल ही भाषा आली. हिशेबाच्या बहुतेक ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही टॅप केलेला फिल्टर आत जाऊन अशाच एखाद्या भाषेतली अट बनतो. बूट शिवणाऱ्याच्या मुलाचा विचार असा इचलकरंजीच्या दुकानापर्यंत पोचला.

माझी चूक

आता मामांच्या २३ बिलांकडे येऊ. माझी अट होती, स्टेटस ‘जमा’ नाही. बूलच्या हिशेबाने हे १ − क्ष. जमा नसलेलं सगळं त्यात यायलाच हवं.

पण काउंटरवरचा मुलगा घाईत कधीकधी स्टेटसचा रकाना कोराच सोडायचा. आणि एसक्यूएलमध्ये कोरा रकाना, म्हणजे नल, म्हणजे जमा नाही असं नसतं. त्याचा अर्थ माहीत नाही. माहीत नसलेली गोष्ट जमा आहे का? माहीत नाही. ती जमा नाही का? तेही माहीत नाही. डेटाबेस हो असं उत्तर आलेल्याच ओळी दाखवतो. म्हणून ती २३ बिलं जमाच्या यादीत नव्हती आणि बाकीच्या यादीतही नव्हती. बूलकडे उत्तरं दोन होती, ० आणि १. डेटाबेसने तिसरं आणलं, आणि माझ्या कोडमध्ये त्याला जागाच नव्हती. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, त्या मुलाचाही नव्हता. अट मी लिहिली होती.

दुरुस्ती एका ओळीची होती : स्टेटस ‘जमा’ नाही, किंवा स्टेटस कोरं आहे. ६२ हजारांची ओळ.

फिल्टर लावताना हे बघा

१. हद्द आधी. कंपनी आणि कालावधी बरोबर आहे का ते बघूनच शोधा.

२. एकाच रकान्यात दोन टिक केल्या, की बहुतेक ठिकाणी ‘ऑर’ लागतं. दोन वेगळ्या रकान्यांत अटी लावल्या, की ‘अँड’ लागतं. एक्सेलचा साधा फिल्टरही असाच चालतो.

३. तारखेची दोन टोकं कायम ‘अँड’ने जोडा. १ एप्रिलनंतर ‘ऑर’ ३० जूनपूर्वी असं लिहिलंत, तर सगळ्या जन्माची बिलं येतील.

४. नकार उलटा करताना जपून. रोख किंवा यूपीआय नसलेल्या नोंदी हव्या असतील, तर अट अशी लिहा : रोख नाही ‘अँड’ यूपीआय नाही. इथे ‘ऑर’ टाकलंत तर सगळ्याच नोंदी येतील, कारण रोखीची नोंद यूपीआय नसतेच. या नियमाला डी मॉर्गनचं नाव आहे. तेच, मदुराईत जन्मलेले.

५. कोऱ्या रकान्यांची यादी वेगळी काढा. एक्सेलच्या फिल्टरमध्ये यादीच्या तळाशी त्यासाठी वेगळी टिक असते.

६. शेवटी बेरीज जुळवा. जमा अधिक बाकी बरोबर एकूण आलंच पाहिजे. क्ष + (१ − क्ष) = १. नाही आलं, तर काहीतरी गळालंय. ही एक बेरीज मी पहिल्या सोमवारी केली असती, तर चूक त्याच दिवशी सापडली असती.

माझा प्रोग्राम आता दर सोमवारी यादीच्या आधी ही बेरीज पाठवतो. एका रुपयाचाही फरक आला, तर यादी जातच नाही, लाल अक्षरात फरक जातो. मामा तरीही वही लिहितात. महिन्याच्या शेवटी यादी एका हातात, वही दुसऱ्या हातात घेऊन दोन्ही ताडून बघतात. आधी मला त्याचं वाईट वाटायचं. आता मी सुट्टीला गेलो, की त्यांच्या शेजारी बसून आकडे वाचून दाखवतो.

तुम्हीही आज एक काम करा. घरच्या दुकानाचं असो की स्वतःच्या खर्चाचं, हिशेबाचं ॲप उघडा, जमा आणि बाकीची बेरीज करून एकूण रकमेशी जुळवून बघा. दोन मिनिटं लागतील. जुळलं तर उत्तम. नाही जुळलं, तर कोरे रकाने शोधा.